जुनी रोल्स-रॉइस पहिल्यांदा हाताळताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या वाड्यात जुनी गाडी उभी आहे असे कळले की पाहायला येणारे दोनच गोष्टी विचारतात : चालू आहे का, आणि विकली तर किती येतील. गेली बरीच वर्षे मी जीवाजीगंजात राहणाऱ्या एका स्नेह्यांची, ज्यांना सगळे बापूसाहेब म्हणतात, १९३३ सालची रोल्स-रॉइस २०/२५ सांभाळायला मदत करतो आहे, आणि त्या निमित्ताने आसपासच्या आणखी काही गाड्यांखालीही आडवा झालो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिला प्रश्न ‘ही गाडी नेमकी कोणती’ हा असावा, आणि त्याचे उत्तर रंगात किंवा बोनेटवरच्या परीच्या मूर्तीत न शोधता चासीवर ठोकलेल्या क्रमांकात शोधावे. वारशाने, सौद्याने किंवा नुसत्या हौसेने अशा गाडीजवळ प्रथमच येणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात. क्रम चुकवल्याचा भुर्दंड आम्ही स्वतः भरलेला आहे.

पहिली पायरी : कंपनी काय विकत होती ते समजून घ्यावे

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण मोटार विकतच नसे, ही गोष्ट नवख्याला सांगितली की तो हमखास चकित होतो. इंग्लंडमधल्या डर्बी येथील कारखान्यातून बाहेर पडे ती चासी, म्हणजे लोखंडी चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, चाके, रेडिएटर आणि बोनेट एवढाच ऐवज. ही चासी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे पाठवी आणि तिथे लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवून, गाद्या शिवून, रंग देऊन तिची मोटार होई. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग, विंडोव्हर्स ही त्या काळची इंग्लंडमधली नावाजलेली कोचबिल्डर मंडळी. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतीलच असे नाही, आणि एका गाडीचे अंग, म्हणजे वरची बॉडी, दुसऱ्या चासीवर बसवल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. गाडी तपासायची म्हणजे दोन वेगळ्या कारखान्यांचे काम तपासायचे, हे मनाशी पक्के करावे.

असा प्रघात का पडला हे समजायला कंपनीचा थोडा इतिहास हवा. हेन्री रॉइस यांचा जन्म १८६३ चा, एका गिरणीवाल्याच्या घरातला. लहानपणी वर्तमानपत्रे विकून आणि तारा पोचवून दिवस काढलेल्या या माणसाने पुढे मँचेस्टरमध्ये विजेचे डायनामो आणि क्रेन बनवण्याचा कारखाना उभा केला. त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, तिची खोट काढता काढता स्वतःचीच मोटार बनवली, आणि ती १९०४ च्या एप्रिलमध्ये रस्त्यावर आली. चार्ल्स रोल्स हे अगदी दुसऱ्या टोकाचे गृहस्थ : सरदार घराण्यातले, केंब्रिजला शिकलेले, लंडनमध्ये मोटारी विकणारे. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची भेट झाली आणि रॉइस यांनी बनवायचे, रोल्स यांनी विकायचे असे ठरले. १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली. रोल्स १९१० मध्येच विमान अपघातात गेले, त्यांचे वय अवघे बत्तीस होते. रॉइस १९३३ पर्यंत होते. या दोघांना जोडून ठेवणारे तिसरे गृहस्थ क्लॉड जॉन्सन. ‘रोल्स-रॉइस’ या नावातल्या जोडरेघेचा मान लोक त्यांना देत, आणि ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नावही त्यांनीच एका गाडीला दिले. तीच गाडी १९०७ मध्ये इंजिनात बिघाड न होऊ देता १४,३७१ मैल चालवली गेली, आणि नंतर त्या मालिकेतल्या सगळ्याच गाड्यांना ते नाव चिकटले. यंत्र निर्दोष करायचे आणि शोभेचे काम त्यातल्या कसबी माणसांकडे सोपवायचे, ही वाटणी रॉइस यांच्या स्वभावाला धरूनच होती असे मला वाटते.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या गावात येतो. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. मुंबईहून कोल्हापूर म्हणजे घाट आलेच, आणि तेव्हाचे रस्ते आजच्या महामार्गासारखे नव्हते. त्या कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली, तिने बाजी मारली, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांकडे आली. यंत्रांची आवड असलेला हा राजा. छोट्या रुळांची रेल्वे त्यांच्याच कारकिर्दीत वाढली आणि ग्वाल्हेरचा व्यापार मेळाही १९०५ मध्ये त्यांनीच सुरू केला. तेव्हा हिंदुस्थानात रोल्स-रॉइसचे नाव झाले त्यात सह्याद्रीचा घाट आणि ग्वाल्हेरचा तबेला या दोघांचा वाटा आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

आता प्रत्यक्षात कोणती गाडी समोर येईल? मोठ्या गाड्यांची परंपरा सिल्व्हर घोस्ट, मग १९२५ पासून फँटम एक, १९२९ पासून फँटम दोन आणि १९३६ पासून बारा सिलिंडरची फँटम तीन अशी आहे. धाकट्या गाड्यांची परंपरा १९२२ च्या ‘ट्वेंटी’पासून सुरू होते. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे आणि ३,१२७ सीसीचे. १९२९ ते १९३६ या काळातल्या २०/२५ मध्ये सिलिंडरचा व्यास वाढवून ते ३,६६९ सीसी केले, आणि नंतरच्या २५/३० मध्ये ४,२५७. २०/२५ च्या साधारण ३,८०० गाड्या बनल्या. दोन युद्धांमधल्या काळात कंपनीची सर्वांत जास्त खपलेली गाडी हीच, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला ती येण्याचा संभव अधिक. ‘२०’ आणि ‘२५’ या आकड्यांना इंजिनाची खरी ताकद समजू नये. विलायतेत सिलिंडरच्या व्यासावरून कर बसे, त्या हिशेबाचे ते आकडे आहेत. खरी अश्वशक्ती सांगायची नाही हा कंपनीचा शिरस्ता होता.

‘व्हिंटेज’ या शब्दावरूनही वाद होतात, म्हणून एवढेच सांगतो की विलायतेतले जुने जाणकार १९३० अखेरपर्यंतच्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. त्या मापाने बापूसाहेबांची गाडी व्हिंटेज ठरत नाही. आपल्या सरकारी नियमाचे माप वेगळे आहे आणि ते कागदपत्रांच्या पायरीत येईल.

दुसरी पायरी : क्रमांक वाचावा, घासू नये

बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या मागे, चालकाच्या पायांपुढे जो आडवा पत्रा येतो त्यावर कंपनीची पाटी असते. तिच्यावर चासी नंबर असतो. तोच क्रमांक लोखंडी चौकटीवरही ठोकलेला असतो, आणि इंजिनावर इंजिनाचा स्वतंत्र क्रमांक असतो. पाटी स्क्रूने बसवलेली असल्याने ती एका गाडीची दुसरीवर लावता येते. चौकटीवरचा ठसा तसा हलवता येत नाही. म्हणून दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय कुणाच्याही तोंडच्या माहितीवर विसंबू नये.

चौकटीवर नव्वद वर्षांचे ग्रीस आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. तो काढायला रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि भरपूर सबुरी लागते. एमरी पेपर किंवा तारेचा ब्रश त्या जागी फिरवू नये, कारण घासलेला ठसा पुढे परिवहन कार्यालयातल्या माणसाला संशयास्पद वाटतो आणि तो संशय रास्तही असतो. आकडे दिसू लागले की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवावी, जसा आपण लहानपणी नाण्याचा छाप घेत असू. हा छाप, पाटीचा फोटो आणि इंजिन नंबरचा फोटो एकत्र ठेवावा.

क्रमांकाचे स्वरूप मॉडेलनुसार बदलते. २०/२५ ची सुरुवात जीएक्सओ ११ या चासीपासून झाली. म्हणजे आधी अक्षरांची मालिका आणि मग आकडा. या मालिकांत १३ हा आकडा गाळलेला असतो. यंत्राच्या बाबतीत इतक्या काटेकोर माणसांनी तेराची अढी मनात ठेवावी याचे मला अजून हसू येते, पण खरेदी करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे : कुणी मालिकेच्या अक्षरांपुढे नुसता १३ असलेला क्रमांक दाखवला तर तिथेच थांबावे.

चासी नंबर पक्का झाला की इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबला लिहावे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे जुन्या गाड्यांच्या मूळ नोंदी जपलेल्या आहेत. पहिले गिऱ्हाईक कोण, चासी कोणत्या कोचबिल्डरकडे गेली, ती केव्हा तपासून पाठवली, गिऱ्हाइकाने खास काय मागितले, अशा गोष्टी त्यात सापडतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कथांना या नोंदींपुढे उभे करून पाहावे. ही गाडी अमुक महाराजांनी अमक्याला बक्षीस दिली, ही कथा मी वेगवेगळ्या घरांत ऐकली आहे. कागदावर मात्र पुष्कळदा मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याचे नाव निघते. अपमानाचा सूड म्हणून राजाने रोल्स-रॉइस कचरा उचलायला लावली, ही गोष्ट तर निरनिराळ्या संस्थानांच्या नावावर सांगितली जाते आणि त्यावरूनच तिचा भरवसा किती धरायचा ते समजावे.

तिसरी पायरी : अंग ठोकून पाहावे

चासीनंतर अंगाकडे वळावे. बहुतेक अंगांचा सांगाडा ॲश या विलायती लाकडाचा असतो आणि त्यावर बाजूचे पत्रे बहुधा ॲल्युमिनियमचे. ग्वाल्हेरचा मे महिना या लाकडाचा वैरी आहे. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या लूने लाकूड आटते, सांधे सुटतात, आणि पावसाळ्यात वाळवी आपले काम करते. बाहेरून गाडी तुकतुकीत दिसत राहते.

हे तपासण्याची सोपी रीत अशी की दार अर्धे उघडावे, त्याच्या टोकाला खालून हात घालावा आणि हलकेच वर उचलावे. फक्त बिजागरीत खुळखुळ असेल तर पिन बदलून काम भागते. दाराबरोबर खांबही हलला तर लाकूड गेले आहे असे समजावे, आणि तो खर्च रंगाच्या कितीतरी पट असतो. मग फूटबोर्डजवळचे, चाकांवरचे आणि मागच्या सीटखालचे लाकूड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. सुके, भरीव लाकूड टणक बोलते. वाळवीने पोखरलेले बद्द आवाज देते. खिशात एक लोहचुंबक ठेवावे. मडगार्डवर ते चिकटले तर आश्चर्य नाही, पण ॲल्युमिनियमच्या दारावर मधेच चिकटले तर तिथे पुढे कधीतरी लोखंडी ठिगळ मारलेले आहे.

आमची चूक इथली आहे. बापूसाहेबांच्या गाडीच्या दारांचे लाकूड बदलायला आम्ही ती दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यात पाठवली. दारे उत्तम झाली. गाडी घरी आली, सत्यनारायण झाला, आणि आठ दिवसांनी माझ्या लक्षात आले की चालकाच्या दाराच्या उंबरठ्यावर असलेली कोचबिल्डरची पितळी पट्टी जागेवर नाही. जुन्या उंबरठ्याबरोबर ती भंगारात गेली होती. बोटाएवढ्या त्या पट्टीवर ‘थ्रप अँड मेबर्ली, लंडन’ एवढेच लिहिलेले होते आणि तिचा फोटो आमच्यापैकी कुणीही काढून ठेवला नव्हता. पुढे इंग्लंडहून आलेल्या नोंदीत तेच नाव निघाले, म्हणून गाडीची ओळख टिकली. पट्टी गेली ती गेलीच. तेव्हा गाडी कुणाच्याही हाती देण्याआधी तिच्यावरची प्रत्येक पट्टी, प्रत्येक लेबल आणि प्रत्येक मूठ फोटोत घ्यावी, आणि सुटणाऱ्या वस्तू घरी काढून ठेवून मगच गाडी पाठवावी.

चौथी पायरी : चकाकीला हात लावण्याआधी

या पायरीवर काम थोडे आणि संयम फार. १९२८ च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांवरचे दिवे, मुठी आणि कड्या निकेलच्या मुलाम्याच्या असत; क्रोम नंतर आले. निकेलच्या झळाळीत किंचित पिवळसर ऊब असते, क्रोम निळसर आणि थंड दिसते. घड्याळाच्या जुन्या डबीशेजारी स्टीलचा नवा पेला ठेवला तर हा फरक डोळ्याला लगेच कळतो. ‘चमकवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ट्वेंटीचे दिवे दिले तर ते क्रोम होऊन परत येतात आणि गाडीचे वय दहा वर्षांनी खोटे दिसू लागते. बोनेटवरची परी चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची, १९११ ची; १९३४ पासून तिचे गुडघे टेकलेले रूपही आले. बाजारात तिच्या नकला इतक्या आहेत की परीवरून गाडी ओळखणे हा खुळेपणा होय. रेडिएटरवरची जोड-आर अक्षरे १९३३ पर्यंत लाल आणि पुढे काळी, हे खरे. पण रॉइस यांच्या निधनाचा तो दुखवटा होता ही लोकप्रिय कथा मात्र खरी नाही. लाल रंग गिऱ्हाइकांच्या गाडीच्या रंगाशी विजोड दिसतो म्हणून बदल आधीच ठरलेला होता.

पाचवी पायरी : झोपलेले इंजिन उठवणे

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला ट्रॅक्टरने ओढून किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून चालू करण्याचा मोह प्रत्येक घरात कुणालातरी होतोच. त्याला चहा पाजावा आणि बाजूला बसवावे.

पहिल्या दिवशी फक्त स्पार्क प्लग काढावेत आणि सहाही सिलिंडरमध्ये थोडे थोडे पातळ तेल सोडून गाडी दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. नंतर प्लग न लावता पुढून हँडल घालून इंजिन हाताने हळू फिरवावे. अडले तर जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबावे. या इंजिनांत व्हॉल्व्ह वर असतात आणि अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर पडला तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारी दांडी, वाकतो, म्हणून टॅपेटचे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचे) झाकण काढून सगळे बारा व्हॉल्व्ह वरखाली होतात हे डोळ्यांनी पाहावे.

दुसरे काम तेलाचे. खालची तेलाची टाकी उतरवली की तळाशी काळ्या लोण्यासारखा गाळ निघतो. क्रँकशाफ्टच्या पोकळीतही असाच गाळ साठण्याच्या जागा आहेत. तो न काढता आजचे साफसफाई करणारे इंजिन ऑइल भरले, तर तेच तेल गाळ सोडवून बारीक वाटांमध्ये नेऊन कोंबते. म्हणून एक तर गाळ पूर्ण काढावा किंवा साधे, जुन्या धर्तीचे तेल वापरावे. मधला मार्ग नाही.

तिसरे पाण्याचे. ब्लॉकच्या बाजूची तोटी उघडली आणि काही आले नाही तर टाकी रिकामी आहे असे समजू नये, तोटी गाळाने बंद झालेली असते. तार घालून ती मोकळी करावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वर्षानुवर्षे भरल्याने ब्लॉकच्या मागच्या बाजूला, जिथे पाणी सावकाश फिरते, तिथे गंज आणि क्षार यांची खीर जमलेली असते. उन्हाळ्यात गाडी तापते ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा इथून सुरू होते आणि लोक मात्र रेडिएटरवर खर्च करतात.

चौथे पेट्रोलचे. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुनी रबरी नळी, बुचाचे पॅकिंग त्याने फुगते किंवा विरघळते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे. या काळातल्या बहुतेक गाड्यांत मागच्या टाकीतले पेट्रोल पुढे आणायला पंप नसून ‘ऑटोव्हॅक’ नावाची छोटी टाकी असते. इंजिनाच्या शोषणाने तिच्यात पेट्रोल ओढले जाते आणि तिथून ते आपल्या वजनाने कार्बुरेटरमध्ये उतरते. उभ्या गाडीत ही टाकी कोरडी पडते, म्हणून पहिल्या वेळी तिच्यात वरून पेट्रोल ओतावे लागते. हे ठाऊक नसल्याने स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवलेली मंडळी मी पाहिली आहेत.

पान्यांबद्दल एक सूचना. आपल्या पेटीतले मिलिमीटरचे पाने इथे चालत नाहीत. या गाडीचे नट जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी पाना फिरवून पाहिला आणि ‘इसका तो पेच भी विलायती है’ म्हणत तो खाली ठेवला. त्या एका शहाणपणामुळे आमच्या गाडीचे नट अजून षट्कोनी आहेत.

आता चालू करण्याचा क्रम. स्टिअरिंगच्या मध्यभागी छोट्या दांड्या असतात, त्यांतली एक ठिणगी लवकर की उशिरा पडावी ते ठरवते, एक मिश्रण दाट की पातळ ते, आणि एक हातथ्रॉटल असते. थंड गाडीत ठिणगीची दांडी ‘उशिरा’कडे, मिश्रण ‘दाट’कडे, थ्रॉटल थोडे उघडे, असे ठेवून स्विच लावावा आणि स्टार्टर दाबावा. ठिणगी ‘लवकर’कडे राहिली आणि हँडलने चालू करायला गेले तर हँडल उलटा झटका देते, मनगट मोडते. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीभोवती वळवू नये. इंजिन पकडले की तेलाचा काटा वर आला का ते पाहावे, मग ठिणगी हळूहळू पुढे आणावी आणि मिश्रण पातळ करत जावे. सर्व नीट असेल तर या इंजिनाचा आवाज फार थोडा येतो. टॅपेटच्या हलक्या टिकटिकीवर कान ठेवावा. त्यातला बदल हीच पहिली सूचना असते.

सहावी पायरी : रस्त्यावर

पहिली फेरी पहाटे आणि सपाट रस्त्यावर असावी. चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला गिअरचा दांडा असतो, त्यामुळे पुष्कळ गाड्यांत चालकाला डाव्या दारातून शिरावे लागते. (सुरुवातीच्या ट्वेंटीत तीन गिअर आणि दांडा मध्ये होता, १९२५ पासून चार गिअर आणि चारही चाकांना ब्रेक आले.) १९३२ च्या आधीच्या २०/२५ मध्ये गिअर बदलताना क्लच दोनदा दाबण्याची सवय हवी, त्यानंतर वरच्या दोन गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय, मिळाली. सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये सुटावे, पहिला चढासाठी राखावा.

ब्रेकबद्दल मात्र नवख्याने नीट समजून घ्यावे. या गाडीतला ब्रेकचा मदतनीस, म्हणजे सर्व्हो, गिअरबॉक्सवरून फिरणाऱ्या एका चकतीवर चालतो. गाडी चालत असेल तेव्हाच तो जोर देतो. अगदी सावकाश सरकताना किंवा चढावर गाडी थांबली असता पायाचा जोर जवळजवळ एकटाच उरतो. म्हणून किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा चढ हा फोटोसाठी कितीही देखणा असला तरी पहिल्या वर्षी तिकडे गाडी नेऊ नये, आणि महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीत तर मुळीच नको. जयविलास राजवाड्याच्या बाजूच्या रुंद रस्त्यांवर रविवारी सकाळी सात वाजता चार चकरा पुरेत.

सातवी पायरी : कागदपत्रे

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. ज्या गाडीचा जुना क्रमांक चालू आहे तिला तो ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असे नियमात आहे, व नोंदणी १० वर्षांची असते. अर्जाबरोबर विमा, जुने नोंदणीपुस्तक असल्यास ते, आणि परदेशातून आणली असल्यास सीमाशुल्काचा कागद लागतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणावी असा नियम आहे. लग्नाच्या वरातीसाठी मागायला येणाऱ्या नातेवाइकांना हे कलम फार उपयोगी पडते. मेळ्यात नव्या गाडीला रोड टॅक्समध्ये सूट मिळते म्हणून ही नोंदणीही तिथेच स्वस्तात होईल, असे समजून एक गृहस्थ दोन महिने थांबले होते. तसे काही नसते.

दुसऱ्या पायरीत घेतलेला पेन्सिलीचा छाप इथे कामाला येतो. अर्जातला चासी नंबर, जुन्या पुस्तकातला नंबर आणि चौकटीवरचा ठसा यांत एका अक्षराचा फरक असला तरी प्रकरण अडकते. जुन्या कारकुनांनी इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत घोळ केलेला असतो, तो आधीच लेखी दुरुस्त करून घ्यावा.

आठवी पायरी : उभी ठेवताना

छत पक्के, जमीन कोरडी आणि हवा खेळती असावी. प्लास्टिकचे आवरण घालू नये, सुती चादर पुरते. पंधरा दिवसांनी एकदा गाडी थोडी पुढे-मागे करावी म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. कातड्याच्या गाद्यांना उन्हाळ्याआधी आणि उन्हाळ्यानंतर असे दोनदा मलम लावावे, आणि उंदरांसाठी जे काही घरात करता ते गाडीखालीही करावे, कारण कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी त्यांना फार आवडतात.

लांब मुदतीसाठी पाणी काढून ठेवले असेल तर स्टिअरिंगला दोरीने एक पाटी बांधावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, ‘पाणी नाही, चालू करू नये’ असे लिहावे. बापूसाहेबांच्या पुतण्याने दिवाळीत पाहुण्यांना आवाज ऐकवायला म्हणून आमची गाडी चार मिनिटे कोरडी चालवली होती. तेव्हापासून ती पाटी आमच्याकडे कायम असते, आणि स्टार्टरची किल्ली बापूसाहेबांच्या देवघरात.